खानावळीतल्या भाकऱ्या कुणी मोजल्या?



कोर्टाच्या, दवाखान्याच्या नाहीतर बाजाराच्या कामानं सोलापूरला गेलं, की दुपारी आपण एखाद्या खानावळीत शिरतो. भाकरी, शेंगांची चटणी, भरलं वांगं, आमटी आणि कांदा. पोट भरतं, पैसे देतो, निघतो. ही खानावळ आली कुठून आणि तिच्या चुलीपुढं कोण बसलं होतं, ते आज बघू.

जुन्या खानावळी जगभर आहेत. लंडन शहरात 'जॉर्ज इन' नावाची एक आहे. ती १६७७ साली बांधली. घोडागाडीचे प्रवासी तिथं उतरायचे, जेवायचे, मुक्काम करायचे. तिथं आजही लोक जेवायला जातात आणि एका विश्वस्त संस्थेनं ती इमारत जपून ठेवली आहे. आपल्याकडच्या घरगुती खानावळीला अशी इमारत नव्हती. बऱ्याचदा पाटीही नव्हती. एखाद्या बाईच्या घरातली पुढची खोली, हीच खानावळ.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली. पुढं १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला आणि आपल्या भागातली गावंच्या गावं पोटासाठी बाहेर पडली. त्याच सुमाराला, १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. तीच जुनी गिरणी. मागून आणखी गिरण्या निघाल्या. खेड्यातून माणसं कामाला आली, तेलंगणातून विणकर आले. कितीतरी गडी बायकापोरं गावी ठेवून एकटे राहायचे. त्यांना रांधून कोण घालणार? मग ते महिन्याची खानावळ लावायचे. ठरलेले पैसे द्यायचे, दोन वेळ जेवायचे, गावी गेले तर खाडा धरायचा.

शहर अनेक भाषांचं, तशी ताटंही वेगवेगळी. लिंगायत खानावळीत शाकाहारी जेवण, तर सावजी खानावळीत मटणाचा झणझणीत रस्सा. भाकरी मात्र दोन्हीकडं ज्वारीचीच.

आता भाकरीचा हिशेब करू. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून गरम पाणी घालून मळावं लागतं, एकेक भाकरी हातानं थापावी लागते. समजा, एका बाईकडं २० माणसं जेवायला आहेत. एका वेळेला तीन भाकऱ्या धरल्या, तर दिवसाच्या १२० आणि महिन्याच्या ३,६०० होतात. त्यात दळण, सरपण, पाणी, भांडी धरलेलीच नाहीत. एवढं करूनही "बाई काय करते?" असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं, "घरीच असते."

पैशाचं गणितही अवघड होतं. जेवणारे पैसे देणार पगार झाल्यावर, आणि ज्वारी, डाळ, तेल तर रोज लागणार. मग दुकानातून उधारीवर माल आणायचा, नाहीतर व्याजानं पैसे काढायचे. कधी अंगावरचा दागिना गहाण टाकायचा. म्हणजे गिरणी कामगाराला महिनाभर उधार जेवू घालणारी ही बाईच होती, पण तिला उधार देताना मात्र सावकार व्याज लावायचा.

ही गोष्ट मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी ओळखली. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुढं कामगार चळवळीत होत्या. १९७३-७४ च्या गिरणी संपात पगार बंद असताना खानावळवाल्या बाया कामगारांना उधारीवर जेवू घालत होत्या. संप टिकला त्यात त्यांच्या चुलीचाही वाटा होता. प्रेमाताईंनी त्यांना एकत्र केलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. १९६९ साली मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, छोट्या धंद्याला कर्ज द्यायचं धोरण होतं. पण गहाण ठेवायला काही नसलेल्या एकट्या बाईला बँकेत कोण विचारणार? म्हणून बायांनी गट केले, एकमेकींना जामीन राहिल्या आणि कर्ज मिळवलं. बँकेच्या कागदावर त्यांचं काम पहिल्यांदा 'धंदा' म्हणून लिहिलं गेलं.

आज आपल्या बचत गटाची जी रीत आहे, तिचं मूळ असं चुलीपाशीही सापडतं.

पुढं १९८२ चा मोठा संप झाला. मुंबईतल्या आणि सोलापुरातल्याही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणीवर जेवणारी पंगत उठली. पण भाकरी थापणारे हात थांबले नाहीत. आज कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुड्यांत भरून बाहेरगावी जाते, आणि त्यात आपल्या कितीतरी गटांचा हात आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन कामं करू. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना विचारू, की तुमच्याकडं कुणी जेवायला असायचं का, महिन्याला काय घ्यायचात, माल कुठून आणायचात. ते वहीत उतरवून ठेवू. आणि गटाच्या हिशेबात ज्वारी, शेंगा, तिखट, पुड्यांचा खर्च लिहितो, त्याच्याखाली आणखी एक ओळ घालू : आपली मजुरी. भाकऱ्या मोजायच्या राहून गेल्या, तसे आपले तास राहायला नकोत.