मोटारसायकल येते, पण ट्रायलला पाय टेकतो! टू-व्हीलर लायसनच्या चाचणीची तयारी अशी करा

सोलापूर : गावाकडं मोटारसायकल शिकायला क्लास लागत नाही. वडिलांची नाहीतर चुलत्याची गाडी, शाळेचं मैदान किंवा बाजारतळ आणि मागं धरायला एक मित्र. चार दिवसांत गाडी ‘येते’. पुढं डेअरीवर दूध घालायला, रानात मोटार चालू करायला, कॉलेजला अशी ती चालतच राहते. मग लायसन काढायची वेळ येते. आरटीओत किंवा तालुक्याच्या कॅम्पला ट्रायल होते आणि इतके दिवस गाडी पळवणारा पोरगा दुसऱ्याच वळणावर पाय टेकतो.

आपल्याकडं ‘गाडी येते’ याचा अर्थ ‘गाडीवरून पडत नाही’ एवढाच घेतला जातो. चाचणीत बघतात ते वेगळं. कमी वेगात गाडी ताब्यात आहे का, वळायच्या आधी मागचं बघतो का, इशारा देतो का, सांगितल्या जागी थांबतो का. गाळप हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागं गाडी चालवतानाही हेच लागतं. म्हणून ही तयारी नुसती पास होण्यापुरती करू नका.

आधी कागदपत्रं

सुरुवात शिकाऊ लायसनपासून, म्हणजे आपण ज्याला ‘लर्निंग’ म्हणतो. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर परीक्षा घरूनही देता येते. राज्यात २०२१ पासून ही सोय आहे. प्रश्न वाहतुकीच्या खुणा आणि नियमांवर असतात, ६० टक्के बरोबर आले की पास. पोराच्या जागी दुसऱ्यानंच उत्तरं टिचकवायची हा प्रकार सर्रास चालतो. त्यात नुकसान त्या पोराचंच आहे, कारण पुढं रस्त्यावर खुणा त्यालाच वाचायच्या आहेत.

लर्निंगची मुदत सहा महिने. ते निघाल्यापासून ३० दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची ट्रायल देता येते. नियमाप्रमाणे एका वर्गासाठी लर्निंगला १५० रुपये आणि परीक्षेला ५०. पुढं ट्रायलला ३००, लायसनला २०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. पोर्टलचं सेवाशुल्क वेगळं. वय चाळिशीपुढं असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो. जिल्ह्यात सोलापूरचं प्रादेशिक परिवहन कार्यालय (एमएच १३) आणि अकलूजचं उपप्रादेशिक कार्यालय (एमएच ४५) अशी दोन कार्यालयं आहेत. कॅम्पच्या तारखा आधी बघून मगच अपॉइंटमेंट घ्यावी, म्हणजे उगीच हेलपाटा होत नाही.

अर्जात ‘गियर असलेली’ आणि ‘विनागियर’ असे दोन वेगळे वर्ग असतात. बऱ्याच मुली आणि महिला स्कूटीवर ट्रायल देतात, त्यांना विनागियरचं लायसन मिळतं. त्या लायसनवर घरची स्प्लेंडर चालवली तर ती विनालायसनच धरली जाते. दोन्ही चालवायची असेल तर गियरच्या गाडीवरच ट्रायल द्या.

दुसरा गैरसमज वयाचा. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं हे खरं आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या विनागियर गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. आज घरोघरी असलेल्या पेट्रोलच्या स्कूटी ५० सीसीच्या पुढच्या आहेत. दुधाच्या किटल्या वाहणारी एक्सएल १०० सुद्धा त्यात बसत नाही. म्हणजे व्यवहारात अठरा पूर्ण पाहिजेत.

लायसन नसलं तर काय अडतं?

मोटार वाहन कायद्यात विनालायसन गाडी चालवण्याला ५ हजार रुपये दंड आहे. अठराच्या आतलं पोरगं सापडलं तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली. पण दंड भरून माणूस मोकळा होतो. खरी अडचण अपघातानंतर येते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर प्रस्तावाला त्याचं वैध लायसन मागितलं जातं. गाडीच्या विम्यातल्या मालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही लायसन लागतं. समोरच्याला इजा झाली आणि आपल्याकडं लायसन नसलं, तर विमा कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. घरातली गाडी बहुतेक वडिलांच्या नावावर असते, हे लक्षात घ्या.

मैदानातला सराव

ज्या गाडीवर ट्रायल द्यायची तीच गाडी सरावाला घ्या. स्प्लेंडरचे चारही गियर पुढं दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. ऐनवेळी मित्राची गाडी मागून नेली की पाय गोंधळतो आणि गाडी बंद पडते.

पहिले दोन-तीन दिवस फक्त क्लचवर घालवा. क्लच हळूहळू सोडताना एक जागा येते, तिथं गाडी ओढायला लागते. ती जागा बोटांना कळली की अर्धी ट्रायल जमली म्हणा. सपाट जमिनीवर पहिल्या गियरमध्ये, रेस न देता किंवा अगदी नावाला देऊन, गाडी चालत्या माणसाच्या वेगानं न्या. फक्कीची नाहीतर राखेची वीस पावलांची सरळ रेघ मारा आणि तिच्यावरून जितकं हळू जाता येईल तितकं हळू जा. शाळेत स्लो सायकलची शर्यत असायची, तोच हा खेळ. दोन्ही पाय फूटरेस्टवर, गुडघे टाकीला लावलेले, कोपरं सैल. हँडल घट्ट धरलं की गाडी डुलते.

मग आठचा आकडा. ट्रायल कुठं आठवर घेतात, कुठं खुणांमधून नागमोडी नेतात, पण आठ जमला की नागमोडीची भीती राहत नाही. दोन विटा बारा-पंधरा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमलं की विटा थोड्या जवळ आणा. रोज दहा-पंधरा फेऱ्या पुरतात. सुरुवात डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा अशी आलटून पालटून करा, कारण बहुतेकांची एक बाजू कच्ची असते.

इथं पाय टेकण्याची कारणं दोन-तीनच. पहिलं, नजर. पोरं पुढच्या चाकाकडं नाहीतर विटेकडं बघतात आणि गाडी तिकडंच जाते. मान फिरवून पुढच्या वळणाकडं बघायचं, गाडी मागोमाग येते. दुसरं, वळणात घाबरून क्लच पूर्ण दाबणं. क्लच दाबला की चाकाला ओढ राहत नाही आणि हळू चाललेली गाडी एका अंगाला कलंडते. क्लच अर्धाच ठेवा, रेस एकसारखी ठेवा आणि वेग वाढतोय असं वाटलं तर मागचा ब्रेक पायानं हलका दाबा. तिसरं, वळताना पुढचा ब्रेक. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी बसलीच खाली.

पुढच्या ब्रेकची ही भीती मात्र सगळीकडं नेऊ नका. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील’ असं सांगणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. सरळ चाललेल्या गाडीला थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं. एकदम आवळायचा नाही, वाढवत न्यायचा, आणि मागचा सोबत लावायचा. मैदानात तीसच्या वेगानं येऊन ठरलेल्या रेघेवर थांबायचा सराव करा. २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांत १२५ सीसीपर्यंत सीबीएस असतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. जुन्या गाडीत ते नसतं. कच, वाळू किंवा ओली काळी माती असेल तिथं आधीच वेग कमी करून गाडी सरळ ठेवायची आणि पुढचा ब्रेक अगदी हलका.

चढावरचं थांबणंही करून बघा. ओढ्यावरच्या पुलाचा मोकळा चढ चालेल. पायाचा ब्रेक धरून उभं राहायचं, क्लच ओढायला लागेपर्यंत सोडायचा, थोडी रेस द्यायची आणि मगच ब्रेक सोडायचा. गाडी वीतभरही मागं आली नाही पाहिजे.

रस्त्यावर

लर्निंगवर रस्त्यावर जाताना पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लागतो. मागं बसणारा फक्त शिकवणारा आणि त्याच्याकडं त्या गाडीचं लायसन हवं. मित्राला बसवून फेरफटका मारायला लर्निंग चालत नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला, आयएसआय खुणेचं, पट्टा लावून. सवय नसलेल्याला ट्रायलच्या दिवशी हेल्मेटमध्ये कोंडल्यासारखं होतं आणि बाजूचं बघायचं राहून जातं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीत काय बघावं याची यादी आहे. तिच्यात पहिलीच गोष्ट आरसा नीट लावणं. आपल्याकडं नवी गाडी आली की पोरं पहिल्यांदा आरसे काढतात! ते परत बसवा. वळायचं असेल तेव्हा क्रम ठरवून टाका : आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, मग हँडल. आणि वळून झालं की इंडिकेटर बंद करा. चालूच राहिलेला इंडिकेटर मागच्याला फसवतो. डावी बाजू सोडू नका. ‘पंपापर्यंतच तर जायचंय’ म्हणून पुणे-सोलापूर हायवेच्या कडेनं उलटं जायची सवय असेल तर ती आताच मोडा.

आपल्या जिल्ह्यात सर्वात कठीण सराव म्हणजे ऊसवाहतूक. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला किती जागा लागते याचा हिशेब फार थोडे करतात. ट्रॅक्टर २५ च्या वेगानं चाललाय, तुम्ही ४० नं. फरक १५ चा, म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटर. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वीसेक मीटर लांबी आणि पुढं-मागं दहा-दहा मीटर अंतर धरलं, तर ओलांडायला नऊ-दहा सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही शंभर मीटरच्या वर जाता आणि समोरून साठनं येणारी गाडी १६० मीटर जवळ येते. म्हणजे पावणेतीनशे मीटर तरी रस्ता मोकळा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर मागंच थांबायचं. ट्रॅक्टरवाल्याला टेपच्या आवाजात तुमचा हॉर्न ऐकू येत नाही आणि उसाच्या मोळ्यांआडून तुम्ही दिसतही नाही.

रात्री तर उभ्या ट्रॉलीला दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसानं झाकलेला असतो. पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं. लर्निंगच्या काळात रात्रीचा सराव करायचाच असेल तर शिकवणारा सोबत घेऊन आणि चाळिशीच्या आत.

ट्रायलच्या दिवशी

लर्निंग, गाडीचं आरसी, चालू विमा आणि पीयूसी सोबत हवं. पीयूसी संपलेलं आहे हे अनेकांना तिथं रांगेत उभं राहिल्यावर कळतं. आदल्या दिवशी इंडिकेटर, ब्रेकलाईट, हॉर्न, टायरची हवा बघा. बसल्यावर घाई नको : साईड स्टँड वर, आरसे, हेल्मेटचा पट्टा, न्यूट्रल, मग स्टार्ट. साईड स्टँड खालीच ठेवून निघणारे रोज असतात. निघताना इंडिकेटर द्या, मागं बघा. अधिकाऱ्यानं सांगितलेलं नीट ऐकू आलं नाही तर परत विचारा, त्याचे गुण कापत नाहीत. एजंटाकडून अर्ज भरला असला तरी गाडीवर तुम्हालाच बसायचं आहे.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, ट्रायलची फी पुन्हा भरून. तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं आणि प्रशिक्षण घ्यावं लागतं. लर्निंगची सहा महिन्यांची मुदत चालूच असते, म्हणून पहिली ट्रायल शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवू नका.

पास झाल्यावर कार्ड स्पीड पोस्टानं घरी येतं. तोवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन पोलिसांना दाखवलं तरी चालतं. लर्निंग आधारवरून काढलं असेल तर पत्ताही आधारवरचाच येतो. त्यात नुसतं गावाचं नाव असेल आणि तुम्ही वस्तीवर राहत असाल, तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा, नाहीतर कार्ड परत जातं आणि ते सोडवायला पुन्हा एक चक्कर पडते.