दोनच ठिकाणी सरळ

एमिल बर्लिनरने १८८७ साली ग्रामोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा एडिसनच्या फोनोग्राफमधला एक भाग त्याने काढूनच टाकला: सुईला पुढे सरकवणारा स्क्रू. चरच सुईला हाताला धरून आत नेईल, मग स्क्रू कशाला? यंत्र सुटसुटीत झालं, स्वस्तही झालं. पण त्याबरोबर एक कोन बिघडला आणि तो आजतागायत पूर्ण सुधारलेला नाही.

मूळ तबकडीवर चर कोरणारी सुई कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत, त्रिज्येवरून सरकते. घरी ती तबकडी वाजवणारा आर्म मात्र एका बाजूच्या खुंटीवर, दार बिजागरीवर फिरावं तसा फिरतो. सरळ वाटेने कोरलेलं कमानीच्या वाटेने वाचायचं, असा हा मामला. सुमारे २३ सेंटिमीटरचा सरळ आर्म घेतला आणि त्याची सुई तबकडीच्या मधल्या खिळ्यावरून जाईल असा बसवला, तर बाहेरच्या कडेला सुई चराला सुमारे १८ अंश तिरपी राहते, शेवटच्या चरात सुमारे ७ अंश. लाखेच्या तबकड्या आणि पोलादी पिना यांच्या काळात याची किंमत तबकडी मोजायची. तिरकी पिन चराची भिंत खरवडत जायची.

पर्सी विल्सन हे ब्रिटिश शिक्षण खात्यातले अधिकारी, पण डोकं गणिताचं. कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये ‘द ग्रामोफोन’ हे मासिक काढलं आणि सप्टेंबर १९२४ च्या अंकात विल्सन यांनी सुईच्या रोखाचं गणित मांडलं. त्यांचा उपाय ऐकायला उफराटा वाटतो. आर्मचं तोंड आतल्या बाजूला वाकवायचं आणि सुई मधल्या खिळ्यापर्यंत न थांबता त्याच्या थोडी पुढे जाईल अशी खुंटी जवळ घ्यायची. दोन्ही गोष्टी एकेकट्या चुकीच्या, पण एकत्र आल्या की एकमेकींना सांभाळून घेतात. मग तिरपेपणा दोन-अडीच अंशांत आटोपतो आणि तबकडीवरच्या नेमक्या दोन वर्तुळांवर तर शून्य होतो.

आता ती दोन वर्तुळं कुठे ठेवायची? पुढचं सगळं भांडण याच प्रश्नाचं आहे.

स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ मध्ये एका जर्मन ध्वनिशास्त्र नियतकालिकात या प्रश्नाला हात घातला. नुसता कोन मोजून उपयोग नाही, कोनाला त्रिज्येने भागलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. पुढे १९४८ मध्ये आलेल्या एलपीवर ते चटकन पटतं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या या तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर जातो, शेवटाला जेमतेम २१. तोच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून तिथे एका अंशाची चूक दुपटीहून जास्त बोचते. १९४१ मध्ये बेअरवाल्ड यांनी अमेरिकेतल्या चित्रपट अभियंत्यांच्या नियतकालिकात याच वळणाचं गणित मांडलं आणि जगभर नाव झालं ते बेअरवाल्ड यांचं. लॉफग्रेन यांच्या वाट्याला हळहळच जास्त आली.

ही आतल्या चरांची अडचण ख्याल ऐकणाऱ्याला वेगळी समजावून द्यायला नको. भीमसेन जोशी किंवा किशोरी आमोणकर यांच्या एलपीवर विलंबित बाहेरच्या ऐसपैस चरांत चालतं आणि द्रुतातल्या ताना येतात त्या नेमक्या आतल्या गर्दीत. पाश्चात्त्य सिंफनीचंही तेच, सगळा वाद्यमेळ शेवटी उसळतो. १९६६ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये स्टीव्हन्सन यांनी एक शून्य-वर्तुळ थेट शेवटच्या चरावरच ठेवलं. शेवट साधला, पण अधल्यामधल्या चरांनी थोडं जास्त सोसलं.

जुन्या आर्मवर कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी छोटी पेटी, बसवणारा माणूस या वादात नकळत ओढला जातो, कारण आर्म बनवणाऱ्याने आपली बाजू आधीच निवडलेली असते. टेक्निक्सच्या १९७२ च्या एसएल-१२०० चे आकडे घ्या: आर्मची लांबी २३० मिलिमीटर, सुई खिळ्यापुढे १५ मिलिमीटर, तोंडाचा बाक २२ अंश. हिशोब केला की आतलं शून्य-वर्तुळ ५९ मिलिमीटरच्या आसपास निघतं, म्हणजे शेवटच्या चराला चिकटूनच. बेअरवाल्डच्या हिशोबाने ते ६६ वर हवं आणि बाहेरचं १२०.९ वर. मग आर्मच्या तोंडाशी असलेल्या हेडशेलमध्ये कार्ट्रिज किंचित पुढे घेऊन जरासं वळवायचं की कंपनीचा शब्द मानायचा? दोन्ही पंथांत मातब्बर माणसं आहेत. इंग्लंडच्या एसएमई ३००९ वर तर ही सोयही नाही. हेडशेलची भोकं पक्की, त्यामुळे कार्ट्रिज जागचं हलत नाही. तिथे अख्खा आर्म त्याच्या बैठकीवर पुढे-मागे सरकवावा लागतो.

प्रत्यक्ष काम मात्र घड्याळजीच्या जातीचं. दोन शून्य-वर्तुळांचे दोन ठिपके आणि बारीक चौकटी छापलेलं पुठ्ठ्याचं कोनमापक खिळ्यात अडकवायचं, ठिपक्यावर सुई अलगद टेकवायची आणि समोरून बघायचं. कार्ट्रिजची पेटी चौकटीला समांतर दिसली म्हणून हुरळायचं नाही. आतली सुईची दांडी पेटीशी तिरकी असू शकते आणि खरा रोख तिचाच. म्हणून भिंग लागतं. कार्ट्रिज धरून ठेवणारे, एकमेकांपासून अर्ध्या इंचावरचे दोन स्क्रू आवळताना सगळं पुन्हा केसभर सरकतं आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एसएल-१२०० आली त्याच १९७२ साली डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने बेओग्राम ४००० बाजारात आणला. त्याचा आर्म खुंटीवर फिरत नाही, त्रिज्येवरून सरळ आत सरकतो. त्याला सरकवायला एक मोटर आहे, आणि बर्लिनरने काढून टाकलेला स्क्रू.