सवाई, दिढी आणि गांवची कणगी

पनवेल ही भाताची जुनी पेठ. येथील नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली व २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. मधल्या काळांत बंदर ओसरलें, आगगाडी आली, १९८१ सालीं कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें, आणि जेथें भात पिकत असे अशा पुष्कळ शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. पेठेचा हा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु पेठेपासून थोड्या कोसांवर, डोंगरांच्या पायथ्याशीं, ठाकूर व कातकरी लोकांच्या ज्या वाड्या आहेत, त्यांच्या चुलीचा इतिहास निराळा आहे. तोच येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

पावसाच्या पाण्यावरील शेतीस पीक एकच. मार्गशीर्षांत घरांत आलेलें भात व नाचणी होळीपर्यंत पुरली तरी पुष्कळ झालें. पुढें आषाढ उजाडतो. लावणीसाठीं कंबर मोडेपर्यंत राबावें लागतें, आणि नेमकी त्याच वेळीं घरची कणगी रिकामी असते. अशा वेळीं सावकाराच्या ओटीवर जाऊन खावटी आणावी लागे. खावटी म्हणजे खाण्यापुरतें उसनें धान्य. एक मण नेलें तर पीक आल्यावर दीड मण घालावयाचें, ही दिढी. कांहीं ठिकाणीं दुपटीही चाले. दिढी ऐकावयास सौम्य वाटते. पण वाचकहो, आषाढांत नेलेलें धान्य कार्तिकाअखेर फेडावयाचें, म्हणजे मुदत अवघ्या पांच महिन्यांची. पांच महिन्यांस शेंकडा ५०, तेव्हां सालास शेंकडा १२० हा व्याजाचा दर झाला! ह्याप्रमाणें खळ्यावरूनच भात सावकाराकडे गेलें कीं पुढचा आषाढ पहिल्याहून लवकर येई. वेठबिगारीचा उगम पुष्कळदां ह्या मणभर भातांतच असे.

१९७६ सालीं वेठबिगारी कायद्यानें बंद झाली. त्याच वर्षीं आदिवासींच्या आर्थिक सुधारणेचा राज्याचा कायदा झाला, व पुढें आदिवासी विकास महामंडळातर्फे सरकारी खावटी कर्जही मिळूं लागलें. हें सर्व योग्यच झालें. मात्र कायद्यानें सावकाराचा हात धरतां येतो, कणगी भरतां येत नाहीं.

कणगी भरण्याची युक्ति आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यांत निघाली. कशेळे येथील ‘अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ ह्या संस्थेनें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आदिवासी वाड्यांतून ‘धान्य बँका’ उभ्या करण्याचें काम हातीं घेतलें. अशा बँकेची रीत साधी असते. आरंभींचें धान्य बाहेरून मिळतें. गांवकरी सभासद होतात, आपल्यांतूनच पंच निवडतात व कोठी सांभाळतात. पावसाळ्यांत ज्याला जेवढी गरज तेवढें धान्य तो नेतो आणि सुगीनंतर सावकारापेक्षां पुष्कळ कमी वाढीनें परत घालतो. ही वाढ गांवाबाहेर जात नाहीं, हीच त्यांतील खरी मेख. समजा, कोठींत ४० क्विंटल भात आहे आणि वाढ सवाईची, म्हणजे चौथाईची, आहे. सर्वांनीं परतफेड केली तर पहिल्या वर्षाअखेर ५० क्विंटल, दुसऱ्या अखेर साडेबासष्ट, आणि तिसऱ्या अखेर ७८ क्विंटलांवर धान्य होतें! अर्थात् हें कागदावरचें गणित झालें. उंदीर आपला वांटा घेतातच. शिवाय सुगीचें ओलसर भात वाळल्यावर वजनांत घटतें; ती घट कोणीं सोसावी ह्यावरून चांगलीं चांगलीं माणसें भांडतात.

ही कल्पना ख्रिस्ती जगास अपरिचित नाहीं. पंधराव्या शतकांत इटलींत ‘मोंते फ्रुमेंतारियो’ नांवाचीं धान्यकोठारें निघालीं. तेथेंही गरीब शेतकऱ्यास बियाणें उसनें मिळे व कापणीनंतर थोडी भर घालून तें परत करावें लागे. ही भर म्हणजे व्याजखोरी कीं काय, असा वाद गहाणवटीच्या धर्मादाय पेढ्यांविषयीं फार माजला होता. केवळ खर्च भागविण्यापुरता आकार घेण्यास हरकत नाहीं, असा निर्णय पांचव्या लॅटरन परिषदेंत १५१५ सालीं पोप दहावे लिओ यांनीं दिला. पुढें पोप तेरावे बेनेडिक्ट झालेले ऑर्सिनी यांनीं बेनेव्हेंतोचे आर्चबिशप असतांना अशीं कोठारें स्थापिलीं.

केंद्र सरकारनेंही १९९६-९७ सालीं ग्राम धान्य बँकांची योजना काढली. ती २००४ सालीं अन्न खात्याकडे गेली. दर कुटुंबामागें एक क्विंटल व एका बँकेंत सुमारें ४० कुटुंबें असें तिचें मान होतें. प्रस्तुत लेखकाच्या मतें अशा योजनेस मोठा धोका एकच : वरून आलेलें धान्य ‘सरकारी’ ठरतें, आणि सरकारी धान्य परत करावयाचें असतें असें कोणासच वाटत नाहीं.

आतां कोणी म्हणेल कीं, २०१३ च्या कायद्यानें अंत्योदय कुटुंबास महिना ३५ किलो धान्य मिळतें व जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य झालें. मग कणगी कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्या धान्यानें पुष्कळ चुली पेटल्या आहेत. तथापि मीठ, तेल, डाळ, औषध ह्यांकरितां कातकरी कुटुंब आजही पावसाळ्यांत वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतें आणि दिवाळीनंतर ती फेडावयास मुलांबाळांसह भट्टीवर जातें. जुन्या खावटीचेंच हें नवें नांव. म्हणून ज्यांस अशी कोठी चालविण्यास हातभार लावावयाचा असेल, त्यांनीं भातासोबत डाळ-तेलही ठेवावें, तोलून द्यावें, तोलून घ्यावें, वही वाडींतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीच्या हातीं द्यावी, आणि किल्ली स्वतःच्या खिशांत घालून शहरांत परतूं नये.