देवगिरीची लेक, दिल्लीची राणी

उलव्यात आम्ही बायका जमलो की पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचं माहेर कुठलं?" कुणी सातारा सांगते, कुणी अकोला, कुणी पार बिहार, तर कुणी इथलीच, वहाळ-गव्हाणची. आज जिची गोष्ट सांगतोय, तिचं माहेर पक्कं ठाऊक आहे. नावाचा मात्र घोळ आहे. झत्यपाली, झेठापाली, छिताई अशी तिची रूपं पुस्तकांत सापडतात. आम्ही झत्यपाली म्हणू.

ही देवगिरीच्या रामचंद्र यादवाची मुलगी. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या राजाचा उल्लेख येतो, तोच हा रामदेवराव. आपल्या उत्तर कोकणावरही त्याचा अंमल होता. ठाण्याला त्याच्या काळचे 1272 आणि 1290 चे ताम्रपट सापडले आहेत.

1296 साली अल्लाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर चालून आला. किल्ल्यात नेलेली धान्याची पोती मिठाची निघाली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली. (आमच्या उरणकडच्या मैत्रिणी म्हणाल्या, मिठाचं पोतं उचललं की लगेच कळतं हो!) तह झाला. सोनं, मोती, रेशीम किती दिलं याच्या याद्या इतिहासकारांनी हौसेने दिल्या आहेत. मुलगी दिल्याचं मात्र थोडेच जण सांगतात. त्यांतला एक इसामी, 1350 च्या सुमारास इथे दख्खनमध्येच बसून लिहिणारा. आम्हाला वाटतं, दिल्ली विसरली तरी माहेरच्या मुलखात तिची आठवण तेव्हा शिल्लक असावी.

पुढे खंडणी थांबली म्हणून मलिक काफूर चालून आला आणि रामदेवरावाला धरून दिल्लीला घेऊन गेला. तिथे त्याचा मानच झाला: रायरायान हा किताब, छत्र, एक लाख टंके, वर नवसारी. बाप काही महिने दिल्लीत होता. मग लेकीची भेट झाली असेल का? यावर आमच्यात बराच वाद झाला. जिचे वडील अकोल्याहून एकदाच आले आणि दारातूनच परत गेले, ती म्हणाली, "भेट झाली तरी काय बोलणार?"

त्याच महालात आणखी एक मुलगी होती, देवलदेवी, गुजरातच्या कर्ण वाघेल्याची. तिला झत्यपालीच्या भावाला, शंकरदेवाला द्यायचं ठरलं होतं. पण देवगिरीला येताना वेरूळजवळ ती खलजी सैनिकांच्या हाती लागली, असं जुने इतिहासकार सांगतात. दिल्लीत तिचं लग्न शाहजादा खिज्रखानाशी झालं. देवगिरीची सून व्हायची ती देवगिरीच्या लेकीच्या सासरी सून झाली. या जोडप्यावर अमीर खुस्रोने अख्खं काव्य लिहिलं. झत्यपालीवर नाही लिहिलं.

तिला मुलगा झाला, शिहाबुद्दीन उमर. जानेवारी 1316 मध्ये अल्लाउद्दीन वारला आणि काफूरने या पाच-सहा वर्षांच्या पोराला गादीवर बसवलं. लहान सुलतान म्हणजे कारभार काफूरच्या हातात. वाटेतला काटा नको म्हणून त्याने खिज्रखानाचे डोळे काढवले. म्हणजे एकीचं पोर गादीवर बसलं आणि दुसरीचा नवरा आंधळा झाला. फिरिश्ता म्हणतो, काफूरने झत्यपालीशी लग्नही लावलं. तिला कुणी विचारलं असेल, हे आम्हाला तरी पटत नाही. सुलतानाचा सावत्र बाप होण्याचा तो मार्ग होता.

महिना-सव्वा महिन्यात काफूर मारला गेला. सावत्र भाऊ मुबारक आधी पोराचा पालक झाला, मग स्वतःच सुलतान. शिहाबुद्दीनला आंधळं करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडलं. तिथून तो जिवंत बाहेर आला नाही. तोच मुबारक मग देवगिरीवर चालून गेला आणि त्याने हरपालदेवाला क्रूरपणे मारलं. हरपाल म्हणजे रामदेवरावाचा जावई, झत्यपालीच्या बहिणीचा नवरा. ही बातमी ऐकायला ती हयात होती का, हे कुणीही लिहून ठेवलेलं नाही.

दोनशे वर्षांनी उत्तरेत नारायणदास नावाच्या कवीने 'छिताई वार्ता' रचली. तिच्यात देवगिरीच्या छिताईला सुलतान पळवतो, नवरा जोगी होऊन वीणा वाजवत तिला शोधत येतो आणि शेवटी सुलतानच तिला मानाने परत पाठवतो. खरं पाहता तसं काहीच घडलं नव्हतं. पण ऐकताना आमच्यातल्या दोघी-तिघी म्हणाल्या, हीच गोष्ट पुन्हा सांगा.

डिसेंबरात आम्ही दौलताबादला जायचं ठरवतोय. यायचं असेल तर पुढच्या बैठकीत नाव द्या, आणि जोडीला माहेरचं गावही लिहा.