मास्तर, जीभ बाहेर काढा!

गेल्या पावसाळ्यात पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल झालो. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. "मास्तर, तोंड मोठ्ठं उघडा. जीभ बाहेर काढा. पण 'आ' म्हणू नका हं!"

वर्गात जीभ काढणाऱ्या पोरांना बाकावर उभे करणारा मी! मुकाट्याने जीभ काढली. बाईंनी मान मागे टाकायला लावली, हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर बोटांनी मोजले आणि म्हणाल्या, "तिसरा वर्ग. घसा अवघड दिसतो. आम्ही तयारीत राहू."

मॅट्रिकलाही मी तिसऱ्याच वर्गात सुटलो होतो. पण या वर्गाने रात्रभर झोप उडवली. बरा झाल्यावर पुस्तके चाळली, बाईंना प्रश्न विचारून भंडावले. त्यातून हाती आलेली हकीकत फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

गाढ भुलीत जीभ सैल पडून श्वासाची वाट बुजते. स्नायू शिथिल करणारे औषध दिले की श्वासच थांबतो. म्हणून तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून प्राणवायू पुरवतात. पण मागेच अन्ननलिकेचे दार असते. नळी चुकली आणि चूक ध्यानात आली नाही, तर थोड्या मिनिटांत मेंदूवर घाला पडतो.

या दाराची ओळख जगाला करून दिली ती एका मास्तरानेच! मान्युएल गार्सिया हे गायनशिक्षक. १८५४ साली त्यांनी आरशात स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढे १८७८ साली ग्लासगोच्या विल्यम मॅक्यूएन यांनी जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत, तो शुद्धीवर असतानाच, बोटाच्या स्पर्शाने नळी घातली आणि मग तिच्यातून क्लोरोफॉर्म दिला. आधी प्रेतांवर हात बसवला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात सिडकपच्या इस्पितळात छिन्नविच्छिन्न चेहऱ्यांचे सैनिक येऊ लागले. जिथे चेहराच शिवायचा, तिथे भुलीचा मुखवटा ठेवायचा कुठे? मॅगिल आणि रोबॉथम यांनी रबरी नळ्यांचा मार्ग घडवला. सकाळची हवा हुंगणाऱ्या माणसासारखे डोके ठेवा, ही मॅगिल यांची शिकवण. १९४३ साली ऑक्सफर्डच्या मॅकिंटॉश यांनी वक्र पात्याचे साधन दिले. त्याने जीभ बाजूला सारून स्वरयंत्र दिसू लागले.

साधने आली, पण कोणाचा घसा अवघड, हे आधी ओळखावे कसे? बोस्टनमध्ये काम करणाऱ्या, आंध्रातल्या शेषगिरीराव मल्लमपती यांनी १९८३ साली तर्क मांडला: जिभेचे मूळ मोठे असेल तर ते पडजीभ झाकते, आणि तसेच आतले स्वरयंत्रही झाकत असणार! १९८५ साली २१० रुग्णांवर त्यांनी तो पडताळला. त्यांचे तीन वर्ग. १९८७ साली सॅमसून आणि यंग यांनी चौथा जोडला. हनुवटी ते कंठमणी हे अंतर साडेसहा सेंटिमीटरांहून कमी असेल तर सावध राहावे, ही कसोटी पाटील या नावाने ओळखली जाते.

मग जीभ पाहिली की भागले? नाही! २०१५ साली डेन्मार्कच्या १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. नळी घालणे अवघड गेले असे ३,३९१ निघाले. त्यांतल्या ९३ टक्क्यांची आधी कोणाला कल्पनाच आली नव्हती. परीक्षेवरून सगळी मुले ओळखता येत नाहीत, हे आम्हा मास्तरांना ठाऊकच आहे!

म्हणून शहाणा डॉक्टर भाकितापेक्षा तयारीवर भर देतो. आधी भरपूर प्राणवायू द्यायचा. नळी घालण्याचे प्रयत्न मोजकेच करायचे, हट्ट धरायचा नाही. मदतीला वेळीच हाक मारायची. नळी जमली नाही तर आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली योजलेला स्वरयंत्रावर बसणारा मुखवटा आहे; तोही हरला आणि प्राणवायू पोचेना, तर गळ्याला पुढून छेद घेऊन वाट करायची. हा क्रम सर्वांनी आधीच ठरवलेला असावा लागतो.

माझी नळी दुसऱ्या प्रयत्नात गेली. शुद्धीवर आलो तेव्हा घसा खवखवत होता. बाई म्हणाल्या, "मास्तर, पास झालात." मी म्हटले, "मी कसला? तुम्ही!"