तिळावरचा काटा

इहारा सायकाकू या जपानी लेखकाचं 'निप्पोन एइताइगुरा' हे पुस्तक 1688 सालचं. व्यापारात पैसा कसा जोडला जातो आणि कसा उधळला जातो, याच्या त्या गोष्टी. त्यातल्या एका गोष्टीत नागासाकीचा एक गरीब माणूस परदेशी साखरगोळीचं गुपित शोधत राहतो. अखेर त्याला कळतं, की गोळीच्या पोटात तीळ आहे. तीळ साखरेत घोळवून वाळवायचे, मग भांड्यात तापवत राहायचं. साखर त्यांच्यावर फुलत जाते. या युक्तीवर तो श्रीमंत होतो.

हे वाचल्यावर मला दुसरं काही सुचेना. हा तर आपला संक्रांतीचा हलवा!

बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि बोरन्हाण, हे घरोघरी ठाऊक आहे. हलवा होतो कसा, हे मात्र आता फार थोड्या घरांत पाहायला मिळतं. शेगडीवर परात, आच अगदी मंद. परातीत भाजलेले तीळ. साखरेचा पाक थोडं दूध घालून, मळी काढून स्वच्छ केलेला. तो चमचा-चमचा तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. एक चमचा सुकल्याशिवाय दुसरा नाही. आधी दाणा नुसता पांढरा होतो, मग खरखरीत, आणि पुष्कळ वेळाने त्याला काटा येतो. हवा दमट असली तर काटा धरत नाही. पौषातली कोरडी थंडी या कामाला मानवते.

काटा का येतो? दाण्यावर कुठेतरी बारीकसा उंचवटा असतोच. पाकाचा थेंब तिथे आधी लागतो, परातीची धग तिथे आधी पोचते, साखर तिथेच आधी घट्ट होते. उंचवटा आणखी उंच होतो आणि पुढचा थेंबही तोच ओढून घेतो. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला तिकडच्या साखरगोळीवरच्या अशाच शिंगांचं कोडं पडलं होतं, त्यावर त्यांनी लिहिलंही आहे.

त्या जपानी गोळीचं नाव कोनपेइतो. शब्द पोर्तुगीज 'कोन्फेइतो'वरून आला. 1569 साली लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्रीने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला क्योतोत काचेच्या बरणीतून हीच गोळी नजर केली होती. आता माझा मुद्दा. हा फ्रोइश 1548 साली गोव्यात आला, 1561 साली गोव्यातच त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि मग तो जपानला गेला. युरोपातल्या साखरगोळ्यांच्या पोटात बडीशेपेसारखं बी, धणे नाहीतर बदाम असायचे. मग नागासाकीत तीळ कुठून आला? माझं उत्तर: गोवा-कोकणातून. इथे पौष-माघात तीळ आणि गोड यांची गाठ आधीच बांधलेली होती. वसई, चौल, गोवा अशी ठाणी धरून बसलेल्या पोर्तुगीजांच्या स्वयंपाकघरात कोन्फेइतोला तीळ मिळाला आणि तो मलाक्का-मकावच्या वाटेने पुढे गेला, असं मी मानतो.

याला पहिला आक्षेप इराणचा. तिथे लग्नात वाटतात तो 'नोक्ल', म्हणजे साखर चढवलेले बदामाचे काप. शिवाय 'हलवा' हा शब्दच अरबी. म्हणजे ही मिठाई बहमनी-निजामशाही काळात दख्खनच्या बाजारात हलवायांबरोबर आली असणार. साखर चढवण्याची मूळ कला त्या बाजूची, हे मला मान्य आहे; पोर्तुगीजांनाही ती बहुधा अरबांकडूनच मिळाली. पण नोक्ल खडबडीत असतो, त्याला सुटा काटा नसतो, आणि पोटात तीळ नसतो. नाव हलवायाचं चिकटलं म्हणून कृतीही त्याचीच, असं होत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. जपानी स्वयंपाकात तीळ मुबलक आहे. नागासाकीच्या माणसाला तो आपल्याच घरात सापडू शकतो. सायकाकूच्या गोष्टीत ही गोळी चिनी लोकही करतात. तरीही तीळ, तापलेलं भांडं आणि काटा, तिन्ही गोष्टी एकाच सागरी वाटेच्या दोन टोकांना याव्यात, याला मी योगायोग म्हणणार नाही.

बोरन्हाणाचं मूळ मात्र मी बाहेर शोधत नाही. इटलीत लोकांवर साखरगोळ्या उधळत आणि कागदी 'कॉन्फेटी' त्यातूनच आली, हे खरं. पण बोरं, उसाचे करवे, ओला हरभरा, भुईमुगाच्या शेंगा हा सगळा आपल्या शिवारातला मोसमी माल. तो लेकराच्या डोक्यावरून ओतायला कुणाकडून शिकावं लागत नाही.

दागिनेही सर्वस्वी इथलेच. हलव्याच्या दाण्याला भोक पाडायला जावं तर तो फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवून गाठ मारतात. ही रीत पटवेकऱ्याची आहे, सोन्याचे मणी गाठवणाऱ्याची. त्याच्या दुकानासमोर बसून दागिने गाठवून घेणाऱ्या बायकांनीच ती घरात आणली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुकुट, बासरी, बाजूबंद, कमरपट्टा, वाळे हे सगळं त्या एका गाठीवर उभं राहतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला गाठ जमत नाही, पण एकसारखे दाणे निवडून देणं छान जमतं.

बाजारच्या हलव्यात आता साबुदाणाही असतो आणि कोनपेइतोच्या पोटात हल्ली साखरेचाच खडा घालतात. त्यामुळे माझ्या तर्काचा पुरावा दोन्हीकडून विरघळत चालला आहे. या संक्रांतीला एक दाणा वाटीभर पाण्यात टाकून ठेवा आणि आतून काय निघतं, ते घरातल्या मुलाला पाहू द्या.