सूंस : श्वासाच्या एका क्षणाचा इतिहास

वाराणसीच्या खालच्या अंगाला, कैथीजवळ, गोमती गंगेला मिळते. या परिसरात सूंस, म्हणजेच गंगेतील डॉल्फिन, आजही दिसतो. पण केवळ श्वासापुरता. क्षणभर वर येतो आणि गढूळ पाण्यात नाहीसा होतो. त्याच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे या क्षणापलीकडे पाहण्याची धडपड.

१८०१ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १८७०च्या दशकात कलकत्त्याच्या जॉन अँडरसन यांनी त्याची शरीररचना आणि वावर सविस्तर अभ्यासला. सूंसाच्या डोळ्यांत भिंग नसते. तो प्रतिध्वनीवर वाट काढतो. संशोधकांनीही मग डोळ्यांना कानांची जोड दिली आणि पाण्यात हायड्रोफोन सोडून त्याचे ध्वनी टिपले. २०२१ ते २०२३ दरम्यान आठ राज्यांतील २८ नद्यांची पाहणी झाली. देशातील नदी-डॉल्फिनांची संख्या ६,३२७ असावी, असा अंदाज २०२५ मध्ये जाहीर झाला.

मात्र संख्येवरून प्रवास कळत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी आसामात एका नराला प्रथमच उपग्रह टॅग लावण्यात आला. रेडिओलहरी पाण्यात लवकर विरतात. म्हणून टॅगचा संदेश प्राणी वर आल्यावरच निघतो. श्वासाचा तोच क्षण आता नोंदीचा क्षण झाला आहे.

१९७५ पासून फरक्का बंधाऱ्याने गंगेचा प्रवाह अडवला आहे. उन्हाळ्यात सूंस कोणत्या डोहांचा आश्रय घेतो हे कळले, तरच तिथे किती पाणी राखायचे हे ठरवता येईल.